धावताना मास्क लावला तर दम वाढतो का?

सकाळी साडेपाचला आमच्या अमळनेरच्या मैदानावर भरतीची पोरं जमतात. फक्कीने आखलेली दोनशे मीटरची फेरी आहे, तिच्या आठ फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. मी शाळेत पीटी शिकवतो, म्हणून स्टॉपवॉच माझ्या हातात. मागच्या थंडीत माझा भाचा एक दिवस तोंडावर काळा रबरी मास्क बांधून आला. नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलेलं, पुढे गोल झाकणं, मागे रुंद पट्टा. श्वास आत घेतला की शिट्टीसारखा आवाज यायचा. एरवी पाच चाळीसला आठ फेऱ्या संपवणारा पोरगा त्या दिवशी सहा मिनिटं पंचवीस सेकंदांनी आला, मास्क ओढून काढला आणि गवतावर आडवा झाला. गालांवर मास्कच्या कडेचा वळ उठला होता. धाप जरा बसल्यावर त्याने अहिराणीत विचारलं, “मामा, यानाघाई दम वाढस का?” म्हणजे, याने दम वाढतो का?

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या जिममध्ये आणि भरतीच्या मैदानांवर हे मास्क आता दिसायला लागलेत. पोरं घरच्यांकडून पैसे मागून घेतात. म्हणून उत्तर आधीच देतो: ज्या कारणासाठी हा मास्क विकला जातो, ते काम तो करत नाही. एक छोटंसं काम थोडंफार करतो, तेही पुढे सांगेन. पण हे असं का, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण त्या ‘का’मध्येच दम म्हणजे काय याचं खरं उत्तर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोरोनात आपण लावला तो कापडी किंवा सर्जिकल मास्क वेगळा. त्यातून हवा आरपार जाते. हा मास्क मुद्दाम श्वास अडवण्यासाठी केलेला असतो. आत येणारी हवा छोट्या भोकांतून ओढावी लागते, आणि झाकणं बदलून ती भोकं आणखी लहान करता येतात. काही मास्कच्या झाकणांवर चक्क उंची छापलेली असते: ३,००० फूट, ६,००० फूट, असं करत थेट १८,००० फूट. म्हणजे हे झाकण लावलं की तुम्ही तितक्या उंच डोंगरावर पळताय, असा दावा.

आता डोंगरावर होतं काय ते बघू. पुष्कळांना वाटतं की उंचावरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. तसं नाही. अमळनेरला असो की लेहला, हवेत ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. हवा विरळ होते, त्यामुळे तेवढ्याच मोठ्या श्वासात ऑक्सिजनचे कण कमी येतात. आपलं खान्देश सखल. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. लेह साधारण ३,५०० मीटरवर, तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. आणि १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो. एव्हरेस्टचा बेस कॅम्पसुद्धा याच्या थोडा खाली आहे. आपल्या मैदानावरून एखाद्याला उचलून थेट तिथे ठेवलं, तर पळणं लांबच, चार पावलं चालतानाही तो अर्धमेला होईल. ते झाकण लावून पोरगा आठ फेऱ्या पळू शकतो, याचाच अर्थ ते झाकण त्याला १८,००० फुटांवर नेत नाही.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे विहिरीवरून चटकन कळेल. उंच डोंगरावर जाणं म्हणजे विहिरीची पातळीच खाली जाणं. मास्क लावणं म्हणजे पाणी आहे तेवढंच, पण कॉक अर्धा आवळलेला. विहीर आटली की शेतकरी आडवे बोअर मारतो, गाळ काढतो, पिकाचं गणित बदलतो. कॉक आवळला तर यातलं काही होत नाही, मोटरवर ताण येतो एवढंच. मास्कमध्ये ती मोटर म्हणजे छातीचे आणि पोटाच्या वरचे श्वासाचे स्नायू.

खऱ्या उंचीवर शरीर जो ‘बोअर’ मारतं, तो रक्तात. रक्तातला ऑक्सिजन बराच काळ कमी राहिला की मूत्रपिंडांना ते कळतं. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात, ते हाडांच्या मगजाला सांगतं की लाल पेशी वाढव. लाल पेशी वाढल्या म्हणजे ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन वाढलं. पण हे दोन दिवसांत होत नाही. दिवसरात्र तिथे राहावं लागतं, तीन-चार आठवडे.

उंचीचा हा विषय खेळाच्या जगात खरा गाजला तो १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमुळे. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे. तिथे १०,००० मीटरची शर्यत केनियाच्या नफ्ताली टेमूने २९ मिनिटं २७ सेकंदांत जिंकली, आणि त्या वेळचा विश्वविक्रम २७ मिनिटं ३९ सेकंदांचा होता. सोन्याचं पदक मिळवणाराही विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून मागे. त्याच मैदानावर बॉब बीमनने लांब उडीत ८.९० मीटरचा विक्रम केला, त्यात विरळ हवेचीही थोडी मदत होती, कारण ती उडी मारणाऱ्याला कमी अडवते. लांब पळणाऱ्यांचे मात्र तिथे हाल झाले. मग शास्त्रज्ञांनी प्रश्न विचारला: उंचावर राहिल्याने रक्त सुधारतं हे खरं, पण तिथे जोरात पळताच येत नसेल तर पाय मंद पडतील, त्याचं काय? १९९७ मध्ये अमेरिकेतल्या लेव्हाइन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी धावपटूंना चार आठवडे २,५०० मीटरवर राहायला लावलं आणि सरावाला खाली १,२५० मीटरवर उतरवलं. ज्यांनी असं केलं त्यांचीच ५,००० मीटरची वेळ सुधारली. तेव्हापासून ‘राहा वर, पळा खाली’ हाच नियम झाला.

आता मास्ककडे परत बघा. मास्क लावणारा काय करतो? राहतो खाली, आणि पळताना तेवढा श्वास अडवतो. म्हणजे बरोबर उलटं. चोवीस तासांतले तेवीस तास त्याच्या मूत्रपिंडांना काही वेगळं घडलंय याचा पत्ताच नसतो. आणि जो एक तास खरा जोर लावायचा, त्याच तासाला पाय बांधले जातात.

इथे नंदुरबारकडची पोरं हमखास विचारतात, “सर, मग तोरणमाळला जाऊन पळलं तर?” तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर. हवा बारा-तेरा टक्के विरळ, पण रक्त वाढवण्याइतकी ती उंची नाही. त्यासाठी दोन हजार मीटरच्या वर जावं लागतं. तरीही तिथे जरूर जा. सातपायरी घाटाचा चढ मांड्यांना जे शिकवतो ते सपाट मैदान शिकवत नाही. चढासाठी जा, हवेसाठी नको.

मास्कची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २४ जणांना सहा आठवडे सायकलवर जोरदार व्यायाम करायला लावला. बारा जणांना मास्क, बारा जणांना नाही. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे दम मोजायचं शास्त्रीय माप. ते मास्कवाल्यांचं १६.५ टक्के वाढलं आणि बिनमास्कवाल्यांचं १३.५ टक्के. आकडा वाचून वाटेल, बघा मास्कवाले पुढे! पण बारा-बारा जणांच्या गटात एवढा फरक योगायोगानेही पडतो. संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. वाढ झाली ती व्यायामाने. हिमोग्लोबिन दोन्ही गटांत होतं तिथेच राहिलं. फुप्फुसांची क्षमताही बदलली नाही. एका बाबतीत मास्कवाल्यांना फायदा दिसला: धाप अनावर व्हायच्या आधी ते थोडं जास्त काम करू लागले. त्याचं कारण संशोधकांनी श्वासाच्या स्नायूंमध्ये शोधलं, उंचीत नाही. वजन उचलणाऱ्यांवर २०१८ मध्ये अशीच एक चाचणी झाली, तिथे मास्क लावल्यावर वजन उचलण्याचा वेग कमी झाला आणि लक्षही कमी लागलं. डोक्यावर बार असताना लक्ष कमी लागणं ही लहान गोष्ट नाही.

पण मग आपल्याला धाप लागते तेव्हा नेमकं कमी काय पडतं? माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि पोरांना तो कोणी सांगत नाही.

कोरोनात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल. धडधाकट पोराने जोरात पळून आल्यावर लगेच ते लावून बघा. छाती भात्यासारखी हलत असते, तरी आकडा बहुतेक वेळा पंचाण्णवच्या आसपास किंवा वरच दिसतो. म्हणजे फुप्फुसांनी त्यांचं काम चोख केलंय, रक्त ऑक्सिजनने भरलेलंच आहे. धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी. स्नायू जोरात जळतात, तो भराभर तयार होतो आणि मेंदू सांगतो, बाहेर टाक. बसल्या जागी आपण मिनिटाला पाच-सहा लिटर हवा घेतो, जोरात पळताना शंभर लिटरच्या वर. फुप्फुसांकडे एवढी राखीव ताकद असते. अडतं ते पुढे. रावेर-सावद्याला केळीचे घड कापून रचून ठेवलेत, माल भरपूर आहे, पण ट्रक कमी आणि रस्ता अरुंद, तर दिल्लीला माल वेळेत पोहोचणार कसा? शरीरात ट्रक म्हणजे हिमोग्लोबिन, ट्रक हाकणारं हृदय, आणि माल उतरवून वापरणारे पायाचे स्नायू. पळून पळून हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, पायांत केशवाहिन्या वाढतात, स्नायूंच्या पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या वाढतात. यालाच आपण दम वाढणं म्हणतो. मास्क मात्र केळीच्या बागेच्या फाटकावर उभा राहून आत-बाहेर अडवतो, जिथे अडचण नव्हतीच.

श्वासाच्या स्नायूंचा मुद्दा मात्र खरा आहे. अगदी जीव तोडून पळताना शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी दहा टक्क्यांच्या आसपास नुसत्या श्वास घेण्यावर जातो. हे स्नायू थकले की शरीर पायांकडचं रक्त आवरून त्यांना देतं, कारण श्वास आधी, पळणं नंतर. त्यामुळे हे स्नायू बळकट केले तर काहींना फायदा होतो. पण त्यासाठी वेगळी छोटी उपकरणं असतात. बसून, दिवसातून दोनदा, साधारण तीस श्वास जोर लावून ओढायचे. व्यायामाच्या वेळी काही लावायचं नसतं, म्हणून सरावाचा वेग बिघडत नाही. ऑपरेशननंतर दवाखान्यात देतात ते तीन चेंडूंचं खेळणं मात्र यासाठी नाही. ते फुप्फुसाचा तळ उघडा राहावा म्हणून असतं. आमच्याकडे दोन पोरं दम वाढवायला तेच ओढत बसायची.

आता मास्कने जातं काय, ते भरतीच्या हिशेबात सांगतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोन्हीला २० गुण. मुलाला पूर्ण गुण हवे तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे चारशे मीटर साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, चार वेळा लागोपाठ. पायांना तो वेग माहीत हवा. पावलाची लांबी, हाताची लय, वळणावरचा तोल, सगळं त्या वेगाचं असतं आणि त्या वेगाने पळूनच अंगात मुरतं. मास्क लावून पोरगा चारशे मीटर पंच्याण्णव सेकंदांत पळतो. त्याला मरणाचा त्रास होतो, म्हणून त्याला वाटतं खूप सराव झाला. पण त्याच्या पायांनी त्या दिवशी पंच्याण्णव सेकंदांचा सराव केला. त्रास जास्त म्हणजे फायदा जास्त, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलाय. घरची गरिबी आणि एकच संधी असली की पोरं त्रासालाच मेहनत समजतात. त्यांची ती तळमळ मी रोज बघतो, म्हणून ती चुकीच्या जागी खर्च झालेली मला बघवत नाही.

त्यात आपलं ऊन. एप्रिल-मे मध्ये खान्देशात पारा पंचेचाळीसला टेकतो, सकाळी आठलाच झळा लागतात. त्यात निम्मा चेहरा रबराने झाकायचा, घाम आत साचणार, पळता पळता पाण्याचा घोट घेता येणार नाही, आणि गुदमरल्यासारखं झालं तरी ते मास्कमुळे की ऊन लागल्यामुळे, हे पोराला कळणार नाही. चक्कर, मळमळ, डोकं धरणं ही उष्माघाताची पहिली लक्षणं. मास्क लावणारा तीच लक्षणं ‘मास्कचा परिणाम’ म्हणून सोसत राहतो. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. खरं तर उन्हाची सवयही शरीर करून घेतं: रोज थोडं थोडं करत आठ-दहा दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो. त्यासाठी मास्क लागत नाही. हळूहळू वाढवलेला सराव आणि पाणी लागतं.

दमा, हृदयाचा आजार किंवा रक्तदाब असेल तर या मास्कच्या वाटेला जाऊच नये, हे कोणीही डॉक्टर सांगेल. पण आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल मैदानावर कोणी बोलत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकल सेलचं, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक दोषाचं, प्रमाण जास्त आहे. आई-वडील दोघांकडून तो दोष आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक. वाहक बहुधा ठणठणीत असतो, आयुष्यभर त्याला कळतही नाही. पण ऊन, पाण्याची कमतरता, ऑक्सिजनची ओढाताण आणि न थांबता जीव तोडून पळणं, हे सगळं एकदम आलं तर वाहकाच्या स्नायूंच्या पेशी फुटण्याचा आणि मूत्रपिंडं अडचणीत येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अशा वेळी पोराचे पाय, कंबर अचानक लुळी पडल्यासारखी होतात, तो खाली बसतो, पण बोलत असतो. बाकीचे ओरडतात, “ऊठ, नाटक करू नको.” तेव्हा त्याला उठवायचं नाही. सावलीत न्यायचं, पाणी द्यायचं, थेट दवाखाना गाठायचा. वाहक असणं म्हणजे पळणं बंद असं अजिबात नाही. सराव टप्प्याटप्प्याने वाढवायचा, मध्ये विश्रांती घ्यायची, पाणी प्यायचं, आणि श्वास अडवणाऱ्या वस्तू लांब ठेवायच्या. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकल सेल मोहीम सुरू झाली, तिच्यात आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायचं ठरलं. भरतीचा फॉर्म भरायच्या आधी ही चाचणी करून घ्या.

आणि हिमोग्लोबिन. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे वसतिगृहात राहणारी धडगावकडची एक मुलगी पळायला यायची. ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीतच तोंड पडायचं. ती स्वतःला आळशी म्हणायची. मैत्रिणीही म्हणायच्या, हिला दमच नाही. एक दिवस तिने हात पुढे केला तेव्हा मला तिची नखं दिसली, कागदासारखी पांढुरकी. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. बाईमाणसाला किमान १२ हवं, पुरुषाला १३. म्हणजे तिचे एक चतुर्थांशहून जास्त ट्रक गॅरेजमध्ये, आणि ती रोज अनवाणी मैदानावर येऊन स्वतःलाच दोष देत होती. सिकल सेलची तपासणी आधी केली, तो दोष निघाला नाही, मग डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या चालू केल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही एवढं तिला बजावलं, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लागतं. साडेतीन महिन्यांनी ती हसत हसत तिसरी फेरी मारत होती. मी तिच्या सरावात एक मीटरही वाढवला नव्हता.

मास्कला पोरं घालवतात त्या पैशांत रक्ताची पूर्ण तपासणी होते, आणि उरलेल्यात कितीतरी दिवसांचे शेंगदाणे, गूळ, केळी येतात. कळण्याची भाकरी आणि हिरवी भाजी घरात असतेच. नुकतेच पैसे गेले असतील तर मास्क परत करता येतो का बघा. परत होत नसेल तर हलक्या दिवशी, सकाळच्या थंडाव्यात, चालताना लावून श्वासाच्या स्नायूंना थोडं काम द्या. पळताना नको, एकट्याने नको, उन्हात तर नकोच.

भाच्याला मी हे सगळं त्याच दिवशी सांगितलं नाही. आधी त्याच्याकडून मास्कशिवाय चारशे मीटरच्या सहा फेऱ्या करून घेतल्या, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं चालणं. पहिल्या तीन ७८, ७७, ७९. चौथी ८१. पाचवीला मी ओरडलो, “हात खाली सोड, खांदे सैल,” तरी ८४. सहावी ८८. शेवटी तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. मी विचारलं, “दम लागला का?” तो म्हणाला, “नाही मामा, दम आहे अजून. पाय भरले.”